पाठीतला श्वास

"अहो, तुमचा फोन," असं बायको स्वयंपाकघरातून म्हणाली आणि सरांच्या हातातली छडी तक्त्यावरच्या चित्रात, जिभेच्या मुळाशी, टेकल्या टेकल्या थांबली. वाक्यात तसं काही नव्हतं. सव्वीस वर्षांच्या संसारात ते त्यांनी हजारदा ऐकलं असेल. पण स्वयंपाकघर आणि शिकवणीची खोली यांच्यामध्ये दोन दारं होती आणि दोन्ही लावलेली होती. एरवी निरोप द्यायचा असला की ती उठून यायची, दार बोटभर उघडायची आणि चोरून काही मागावं तसे दोन शब्द आत सरकवायची. आज ती जागची हलली नव्हती. ओरडलीही नव्हती. ओरडली असती तर सरांना काही वाटलं नसतं. ओरडणं कुणालाही येतं. आवाज आपल्या पायांनी चालत आल्यासारखा दोन दारं ओलांडून आला होता, प्रत्येक अक्षर शाबूत, 'फोन'मधला शेवटचा 'न'सुद्धा न गिळलेला. समोर उभी असलेली शिष्या, बातम्या वाचायची नोकरी मिळावी म्हणून चार महिन्यांपासून येणारी मुलगी, छडी पुढे कधी सरकते याची वाट पाहत राहिली. "जिभेचं मूळ," सर म्हणाले, "हे आवळलं, की," आणि पुढचं वाक्य विसरले. तीस वर्षं तेच वाक्य म्हणत आलेला माणूस. मग ते फोन घ्यायला गेले. पलीकडून कोण काय बोललं ते त्यांच्या डोक्यात शिरलं नाही. ते बायकोच्या खांद्यांकडे पाहत होते. ती भाजी चिरत होती आणि खांदे खाली होते, दोन्ही सारखे, खुंटीवरून काढून घडी करून ठेवल्यासारखे.

सर लोकांना बोलायला शिकवत. नट, वकील, शाळेतले शिक्षक, सभांमध्ये आभार मानणारे, लग्नाआधी तोतरेपणा घालवायला आलेले. बोलता तर सगळ्यांनाच येतं, असं नवीन माणूस म्हणाला की ते त्याला खुर्चीवर बसवून नुसता श्वास घ्यायला सांगत, आणि मिनिटभरात त्या माणसाला पटे की आपल्याला श्वाससुद्धा घेता येत नाही. ही त्यांची आवडती खेळी होती. भिंतीवर डोक्याचा उभा छेद दाखवणारा तक्ता, टेबलावर रबरी स्वरयंत्र, आणि समोरच्या भिंतीवर नाव काढलेल्या शिष्यांचे फोटो. पद्धत साधी होती आणि ती त्यांची होती: कणा ताठ, छाती उचललेली, हनुवटी जमिनीला समांतर, आणि श्वास पोटात, समोर. श्वासपटल खाली दाबलं गेलं की पोट नगाऱ्यासारखं पुढे आलंच पाहिजे. ते शिष्याच्या पोटावर छडीचं टोक टेकवत आणि म्हणत, हटव मला. शिष्यांना पाठीमागे ते टोपणनावं देत आणि ती बायकोला जेवताना सांगत: फुंकणी, भोपू, किनरी, गिळंबा. ती हसायची. निदान हसायची असं त्यांना वाटत आलं होतं.

दुपारी जेवताना त्यांनी नीट पाहिलं. तिच्या बहिणीचा फोन आला, ती उभ्याने बोलत होती, हसत होती, आणि लांबलचक वाक्य एका दमात पुरं करत होती. खांदे वर गेले नाहीत. गळ्याच्या दोरखंडासारख्या दोन शिरा, ज्या गेली सव्वीस वर्षं तिनं तोंड उघडलं की ताठ व्हायच्या, त्या कुठे गेल्या होत्या कोण जाणे. बरं, पोट पुढे येत होतं म्हणावं तर तेही नाही. सर चक्रावले. हवा आत जातेय एवढं नक्की, पण जातेय कुठे? ती भांडी विसळायला वळली आणि त्यांना उत्तर दिसलं. पाठीत. खांद्याच्या पात्यांच्या खाली, शेवटच्या बरगड्यांपाशी, कपडा हळूच रुंदावत होता आणि हळूच मिटत होता, झोपलेल्या जनावराच्या कुशीसारखा. ही त्यांची शिकवण नव्हती. त्यांच्या घरात ही कुणालाच ठाऊक नव्हती. आणि त्यांचा घास तोंडातच राहिला, कारण त्यांना एक गोष्ट पक्की माहीत होती: पोट माणसाला स्वतःला दिसतं, छाती आरशात दिसते, पण पाठ दिसत नाही. तिथं श्वास न्यायला शिकायचं तर कुणाचा तरी हात तिथं ठेवलेला असावा लागतो. एकदा नव्हे, पुष्कळदा.

एके काळी त्यांनी तिला शिकवायचा प्रयत्न केला होता, आणि तो आता त्यांना आठवावासा वाटत नव्हता म्हणूनच आठवत राहिला. लग्नाचं पहिलं वर्ष होतं. सतरंजीवर तिला उताणी झोपवून त्यांनी पोटावर जाडजूड शब्दकोश ठेवला होता आणि तो श्वासाने उचल म्हणून सांगत होते. तिला हसू आलं, शब्दकोश घरंगळला, तिला आणखी हसू आलं. त्यांना राग आला नव्हता, असं ते तेव्हाही म्हणाले होते. पण पुढच्या आठवड्यात चार पाहुणे बसले असताना ती काहीतरी सांगायला लागली आणि ते मध्येच म्हणाले की हिचा आवाज म्हणजे बंद खिडकीच्या काचेवर डोकं आपटणारी माशी. पाहुणे हसले. चांगली उपमा होती, नेमकी होती. नाकात अडकलेला, पुन्हा पुन्हा तिथंच आदळणारा. तिनं ते वाक्य अर्धवट टाकलं आणि चहा आणायला गेली. ती काय सांगत होती हे त्यांनी नंतर कधी विचारलं नाही. हळूहळू ती कमी बोलणारी बायको झाली. लोक म्हणत, घरात एकानं बोलायचं तर दुसऱ्यानं ऐकायला हवंच की. सरांनाही ते पटत होतं.

आता ते घरात वावरायला लागले ते चोरासारखे. तिच्या मागून जायचे, दाराशी थबकायचे, कान टवकारून ती शेजारणीशी काय बोलते ते नव्हे तर कशी बोलते ते ऐकायचे. शब्द कानांवरून वाहून जायचे. राहायचा तो दोन वाक्यांमधला श्वास, बिनआवाजाचा, हावरेपणा नसलेला. असा श्वास त्यांनी याआधी कुठे ऐकला आहे हे त्यांना तीन दिवस आठवेना. चौथ्या दिवशी दाढी करताना रेडिओवर कुणीतरी कादंबरी वाचत होतं आणि गालावरचा हात तसाच राहिला. तोच श्वास. वाचणारा सध्या गाजत होता. सर त्याला ओळखत होते. नऊ वर्षांपूर्वी आठ महिने तो त्यांच्याकडे येत होता आणि त्याचं टोपणनाव होतं खरखर. घशात वाळू घातल्यासारखा आवाज. आठ महिन्यांनी सरांनी त्याला सरळ सांगितलं होतं की बाबा रे, तुला देवानं घसा दिलाय तो गिळायला, बोलायला नाही. दुसरं काही बघ. खरखर उठला होता आणि पाणी पिऊन जातो म्हणून स्वयंपाकघरात गेला होता. तो गेला कधी? सरांनी आठवून पाहिलं. पुढचा शिष्य आला होता, त्याचा तास संपत आला होता, तेव्हा बाहेरचं दार वाजलं होतं. म्हणजे पाऊण तास. एक पेला पाणी प्यायला पाऊण तास लागतो? तेव्हा हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. आता आलं ते जायचं नाव घेईना. वाळू अजून होती त्याच्या आवाजात, पण ती आता नदीच्या तळाला असावी तशी होती. वरून पाणी स्वच्छ वाहत होतं.

त्यांनी परीक्षा घ्यायची ठरवलं. चष्मा सापडत नाही असं सांगून वर्तमानपत्र तिच्यापुढे केलं आणि अमुक बातमी वाचून दाखव म्हणाले. चष्मा त्यांच्या खिशात होता. तिनं कागद हातात घेतला, त्यांच्याकडे एकदा पाहिलं, पापणी लवायला लागतो त्याहून जरासा जास्त वेळ, आणि वाचायला लागली. नाकातून, घशातून, खांदे कानांपर्यंत चढवून. काचेवर माशी आपटावी तसं. वाक्याच्या शेवटी श्वास संपत होता आणि क्रियापदं गळून पडत होती. सर खुर्चीत बसून राहिले. कच्च्या माणसाला वाईट बोलता येत नाही. तो फक्त वाईट बोलतो. ठरवून वाईट बोलायला तयारीचा गळा लागतो. ती लपवत होती. आणि किती छान लपवत होती. "खिशात आहे बघा चष्मा," ती कागद खाली ठेवत म्हणाली, त्याच चोंदलेल्या आवाजात, आणि आत गेली.

दर गुरुवारी दुपारी ती बहिणीकडे जायची. हा परिपाठ किती जुना होता हे सरांना सांगता आलं नसतं. गुरुवारी दुपारी त्यांच्याकडे शिक्षकांचा वर्ग असायचा आणि घर शांत असलं तर बरंच. त्या गुरुवारी वर्गाला पाच मिनिटांचा विसावा देऊन त्यांनी मेहुणीला फोन लावला. मेहुणी मोठी बोलकी बाई. पण "ती आहे का तिथं?" असं विचारल्यावर तिच्या घशात काहीतरी मिटलं. सरांना ते स्पष्ट ऐकू आलं: खोटं बोलायच्या आधी माणूस श्वास घेत नाही, धरतो. मग ती म्हणाली की आत्ताच खाली गेली, काही आणायला, येईल एवढ्यात, सांगू का काही? तीन तीन कारणं. सर म्हणाले, काही नाही, सहज. वर्गात परत आले तेव्हा शिक्षक आपापसांत बोलत होते, सगळे घशातून. त्या दिवशी त्यांनी कुणालाच दुरुस्त केलं नाही.

पुढच्या गुरुवारी त्यांनी वर्गच रद्द केला आणि बायकोच्या मागे पन्नास पावलं अंतर ठेवून चालू लागले. आपण हे करतो आहोत याची त्यांना लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा उत्सुकता मोठी होती, हे कळून आणखी लाज वाटत होती. ती बहिणीच्या घराच्या दिशेनं वळलीच नाही. ती झपझप नव्हे, रमत नव्हे, अशी चालत होती, डोकं मानेवर हलकं ठेवलेलं. हिला असं चालताना आपण कधी पाहिलंच नाही, कारण आपण नेहमी दोन पावलं पुढे असतो, असं त्यांच्या मनात आलं. चष्म्याच्या दुकानाशेजारच्या जिन्याने ती वर गेली. जिन्याच्या तोंडाशी पाट्या होत्या: एक शिंपी, एक कर सल्लागार, तिसऱ्या मजल्यावर नाचाचे वर्ग. सर कठडा धरत चढले. तिसऱ्या मजल्यावरच्या दाराला वरच्या अर्ध्यात दुधी काच होती आणि काचेमागे सावल्या हलत होत्या. आधी एक पुरुषी आवाज आला, आकडे मोजणारा, एक ते दहा. वाळू आणि पाणी. सरांनी कठडा घट्ट धरला. म्हणजे खरखरच. त्यांना विजय झाल्यासारखं वाटलं आणि हरल्यासारखंही, दोन्ही एकदमच. त्याचा हात, तिची पाठ. ते दाराला कान लावायला वाकले: मान पुढे, हनुवटी बाहेर, पाठीला कुबड, गुडघे आवळलेले. या स्थितीत उभ्या राहिलेल्या शिष्याला त्यांनी हाकलून दिलं असतं. पुरुषी आवाज दहावर थांबला, आणि मग तिचा आवाज आला.

"दहा म्हणायची घाई झाली तुला," ती म्हणाली. "सातलाच दहाची काळजी सुरू केलीस. पुन्हा. आणि समोर ढकलू नकोस. मागे येऊ दे. माझ्या हातात येऊ दे."

खोलीत हशा पिकला, सात-आठ माणसांचा. खरखर म्हणाला की बाई, नऊ वर्षं झाली, अजून सातलाच पकडता. बाई. सर वाकलेलेच राहिले. ते काय ऐकत होते ते त्यांना कळत होतं आणि समजत नव्हतं. ती पुढे कुणाला तरी सांगत होती की टेबलावर कोपर टेकव, पुढे वाक, रडायला वाकतो तसं, आता पोटाला जागाच नाही ना, मग बघ तो कुठे जातो. स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग एक बायकी आवाज फुटला, लांब, रुंद, खोलीच्या सगळ्या भिंतींना एकदम टेकणारा 'आ', आणि सरांच्या अंगावर काटा आला, कारण हा आवाज आत्ता, या क्षणी मोकळा झाला होता आणि तो क्षण ओळखायला त्यांच्याइतका लायक माणूस त्या जिन्यावर दुसरा नव्हता.

"आत जायचंय का?" मागून कुणीतरी विचारलं. एक लठ्ठशी, साठीतली बाई धापा टाकत शेवटच्या पायऱ्या चढत होती. बसमध्ये तिकिटं फाडण्यात जन्म गेला माझा, ओरडून ओरडून घशाला गाठी आल्या, असं तिनं न विचारता सांगून टाकलं. सर म्हणाले की नाही, मजला चुकला. पण आवाज फाटला आणि 'मजला'चा नुसता फुस्स झाला. "मग बरोबर चुकलात," कंडक्टरबाई म्हणाली. "बाई नुसता हात ठेवतात हो पाठीवर. मला तर पहिल्या दिवशी रडूच आलं." आणि तिनं दार ढकललं. सर ज्या वेगानं जिना उतरले त्या वेगानं ते तरुणपणीही उतरले नसतील.

बायको घरी आली तेव्हा ते शिकवणीच्या खोलीत शिष्याच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी सगळं सांगितलं, मागे गेलो होतो हेसुद्धा. ती दाराशी उभी राहून ऐकत होती आणि तिला आश्चर्य वाटल्याचं दिसत नव्हतं. मग ती बोलली, आणि यावेळी आवाज लपवला नाही. तुम्ही ज्याला ज्याला बोलायचात तो तो पाणी प्यायला आत यायचा, ती म्हणाली. ओट्यावर हात टेकून, मान खाली घालून उभा राहायचा. काही रडायचे. काय करणार, पाठीवर हात ठेवायचा, दुसरं काय. पहिली एक पोरगी होती, तुम्ही किनरी म्हणायचात ती. हात ठेवला आणि लक्षात आलं की हुंदके थांबल्यावर हिचा श्वास इथं येतोय, तुमच्या तक्त्यात जिथं काहीच नाही तिथं. मी म्हटलं, आता तेच बोल, जे सरांसमोर येत नव्हतं. तिला आलं. मग मी स्वतःवरही करून पाहिलं, भिंतीला पाठ लावून, कारण माझ्या पाठीवर हात ठेवायला कुणी नव्हतं. खरखर दोन वर्षांपूर्वी शोधत आला आणि म्हणाला की ओट्यावर किती दिवस शिकवणार, खोली घेऊ या.

"किती दिवस चाललंय हे?" सरांनी विचारलं.

"ओट्यावर? अकरा वर्षं."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तुम्ही माझा आवाज दुरुस्त करायला बसला असता," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग असता तर त्यांना धरायला काही मिळालं असतं. पण वाक्य सरळ होतं, शेवटच्या अक्षरापर्यंत श्वास पुरला होता, आणि हे लक्षात आल्याबद्दल सरांना स्वतःची चीड आली. ती कपडे बदलायला गेली. त्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. बावीस फोटो. किनरी पहिल्या ओळीत होती. आता ती रंगभूमीवर मोठ्या भूमिका करते. तिच्याखाली भोपू, न्यायालयं गाजवणारा. अकरा वर्षांच्या अलीकडचे चौदा. यातले किती जण पाणी प्यायला आत गेले होते? त्यांनी हाक मारून विचारलं तर ती आतून म्हणाली, मोजले नाहीत. याहून वाईट उत्तर नव्हतं. तोवर त्यांना एका माणसाचा संशय होता. आता चौदा जणांचा आला, आणि त्या सगळ्यांच्या मागे उभ्या असलेल्या पंधराव्याचा, ज्याच्या हातात छडी होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून काचेचा मोठा जग आणि सहा पेले आणले आणि शिकवणीच्या खोलीत ठेवले. कुणाला तहान लागली तर इथंच प्या, उगाच जा-ये नको, तास मोडतो. बायकोनं जग पाहिला आणि रोज सकाळी तो घासून भरून ठेवायला लागली. तो टोमणा होता की नव्हता हे त्यांना कळेना. तीन आठवडे असे गेले. सर पूर्वीपेक्षा जास्त मेहनत घेत होते, छडी टेकवत होते, तक्ता दाखवत होते, आणि मनात प्रत्येक शिष्याकडे सावकाराच्या नव्हे पण पोलिसाच्या नजरेनं पाहत होते: हा पोटात श्वास घेतो म्हणजे माझा, याची पाठ हलते म्हणजे तिचा. आणि त्यांच्या तयार कानांना, जे त्यांना कधी खोटं सांगत नसत, रोज एक गोष्ट ऐकू येत होती. बातम्या वाचणारी मुलगी बिघडत चालली होती. महिनाभरापूर्वी तिचा आवाज स्थिर झाला होता. आता वाक्याच्या मध्यावर तो कोरडा पडायचा, खांदे उडायचे, आणि ती जगातलं पाणी पिऊन पुन्हा सुरुवात करायची. पेलाभर, दोन पेले, तीन. आठ दिवसांवर तिची चाचणी होती. त्या सकाळी तिनं पहिल्याच वाक्याला खोकून कागद मांडीवर ठेवला.

"मॅडम घरी नसतात का हल्ली?" तिनं विचारलं. तिला काही सुचवायचं नव्हतं. तहानलेल्यानं विचारावं तसं विचारलं.

सरांना काय काय म्हणता आलं असतं. की मी कोण आहे मग इथं. की आठ दिवसांत शाळा बदलता येत नाही. तिच्या गळ्याच्या दोन शिरा ताठ होत्या आणि त्या त्यांना ओळखीच्या वाटल्या. सव्वीस वर्षं ते अशाच दोन शिरांसमोर जेवायला बसले होते आणि एकदाही त्यांच्या मनात आलं नव्हतं की त्या आपल्याकडे पाहून ताठ होत असतील. त्यांनी जग उचलला, खिडकीतून बाहेरच्या कुंडीत उपडा केला. रोपट्याला इतकं पाणी नको होतं. "जगात पाणी नाही," ते म्हणाले. "आत मिळेल."

ती गेली. दोन दारं लागली. सर तक्त्यासमोर उभे राहिले आणि ऐकत राहिले. नळ वाजला, बंद झाला. बायकोची पुटपुट असेल, नसेलही. ती आत्ता त्या पोरीला काय सांगतेय, माझं नाव घेतेय का, त्या हसताहेत का, हे विचार त्यांच्या डोक्यात एकामागून एक आले आणि त्यांनी ते हाकलले नाहीत, हाकलता आले नाहीत. मग दोन्ही दारांमधून बातमी आली. कुठल्याशा धरणाची पाणीपातळी, उद्याचं तापमान. मुलगी ओरडत नव्हती. उद्याचं तापमान इतकं खरं वाटलं की सरांनी नकळत खिडकीबाहेर पाहिलं.

त्या गुरुवारी वर्गाला सुट्टी देऊन त्यांनी जेवून उठताना बायकोला विचारलं की तिथं नवीन माणसाला येऊ देतात का. तिनं ताटावरून नजर उचलली नाही. "दार उघडंच असतं," ती म्हणाली. ती नेहमीच्या वेळी निघाली आणि ते तिच्या मागून निघाले, पन्नास पावलं नव्हे, पंधराएक. ती थांबली नाही आणि पळालीही नाही. तिसऱ्या मजल्यावर भिंतभर आरसे होते आणि गोलात ठेवलेल्या स्टुलांवर माणसं बसली होती. खरखर उठून उभा राहिला, 'सर' म्हणाला आणि पुढे काय करावं न कळून पुन्हा बसला. कंडक्टरबाईनं आपल्या शेजारचं स्टूल हातानं थोपटलं. "सापडला मजला?" ती म्हणाली. सर बसले. कणा ताठ, छाती उचललेली, हनुवटी जमिनीला समांतर. समोरच्या आरशात एक म्हातारा पहारेकरी बसल्यासारखा दिसत होता. शेजारचा माणूस हनुवटी पुढे काढून बसला होता. त्याला टोकायला सरांचं तोंड उघडलं आणि त्यांनी ते मिटलं.

बायको एकेकाच्या मागे जाऊन उभी राहत होती. आरशात सर मोजत होते: खरखरच्या पाठीवर हात चार श्वास राहिला. कंडक्टरबाईच्या पाठीवर सहा. खरखरच्या पाठीवर तो जास्त हलका होता का, जास्त सवयीचा होता का? मग ती आरशातून नाहीशी झाली, कारण ती नेमकी त्यांच्या मागे होती, आणि शेवटच्या बरगड्यांवर तळवा टेकला. कोमट. तीस वर्षांत त्यांच्या अंगाला असा कुणी हात लावला नव्हता. हात लावणारे तेच असत. ते शिकवत तसा श्वास त्यांनी घेतला, खोल, पोट पुढे, आदर्श. तळवा जागच्या जागी राहिला. त्यांनी पुन्हा घेतला.

"इथं काहीच येत नाहीये," ती म्हणाली. बाकीच्यांना जशी सांगत होती तशीच, वर नाही, खाली नाही.

खरखरनं ऐकलं. सगळ्यांनीच ऐकलं. सरांना श्वासपटलाची रचना सांगता आली असती, बरगड्यांचे कोन सांगता आले असते, या वयात पाठीचे सांधे धरतात हेही सांगता आलं असतं, आणि ते सगळं खरं होतं. जिभेचं मूळ आवळलं होतं. त्यांना ते कळत होतं.

"मग काय करू?" त्यांनी विचारलं. आवाज बारीक निघाला, चिरका, थेट घशातून.

"काही करू नका," ती म्हणाली. "बसा नुसते."

ते बसले. छाती किती वेळ उचलून धरायची हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ती हळूहळू खाली आली. ही दया असेल का, ही शिक्षा असेल का, हे सगळे मला पाहून मनात काय म्हणत असतील, एकेक शंका आली आणि बसून राहिली. पलीकडचा हनुवटीवाला आपली पाळी यायची वाट पाहत होता. सरांनी श्वास मोजले: चार, सहा, नऊ. दहाव्याला मोजणी चुकली. ती अजून मागेच उभी होती.